डेस्क कमी, दारं जास्त

एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने ‘२५ बाय २५’ असा संकल्प सोडला. २०२५ उजाडेल तेव्हा कंपनीच्या एकूण माणसांपैकी एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त जणांनी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही, असा त्याचा अर्थ. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने पाचही दिवस हजेरी मागितली आणि पुढच्या वर्षी व्हेरिएबल पे हजेरीला बांधला. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान दहा दिवस यायला सांगितलं. अ‍ॅमेझॉनने त्याच वर्षीच्या जानेवारीपासून पाच दिवसांचा आठवडा परत आणला. उलट टोकाला ड्रॉपबॉक्स. ऑक्टोबर २०२० मध्ये या कंपनीने ठरवलं, की एकट्याने करायचं काम घरी आणि ऑफिसची जागा फक्त एकत्र जमण्यापुरती.

यांत शहाणं कोण ठरलं, हा वाद इथे घालायचा नाही. अडचण अशी, की धोरण दीड-दोन वर्षांत फिरतं आणि जागा तशी फिरत नाही. पुण्या-मुंबईत ऑफिसची लीज म्हणजे तीन ते पाच वर्षांचं लॉक-इन आणि सगळी मिळून नऊ-दहा वर्षं, हा सर्रास चालणारा प्रकार. शिवाय बेअर शेल, म्हणजे नुसता सांगाडा असलेली जागा घेऊन तिच्यात वायरिंग, एसी, फॉल्स सिलिंग, पार्टिशन करायला घातलेला पैसा निघताना तिथेच सोडून यायचा. म्हणजे ज्या माणसाने मजल्याचा नकाशा काढला, त्याने तीन मनुष्यबळ-प्रमुखांची तीन वेगवेगळी मतं आधीच ओळखून ठेवायला हवी होती.

ती ओळखता येत नाहीत. लंडनमध्ये एचएसबीसी बँकेने जून २०२३ मध्ये जाहीर केलं, की कॅनरी व्हार्फमधला पंचेचाळीस मजली टॉवर सोडून ती सेंट पॉल कथीड्रलजवळच्या, साधारण निम्म्या आकाराच्या इमारतीत जाणार. माणसं रोज येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. दोन वर्षांत लक्षात आलं, की तिथे सगळे मावणार नाहीत. मग कॅनरी व्हार्फमध्येच दुसऱ्या एका इमारतीत जागा घेण्याची वेळ आली. एवढ्या मोठ्या बँकेचा हिशेब चुकतो, तर बाणेर किंवा ठाण्यातल्या ऐंशी माणसांच्या कंपनीला दोष काय द्यायचा?

हा हिशेब चुकतो कसा, ते आधी आकड्यांत बघू, कारण लवचीक ऑफिसची निम्मी चर्चा रंगीत सोफ्यांवर आणि बीनबॅगवर वाया जाते. समजा शंभर माणसं आहेत आणि प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस यायचं आहे. सरासरी रोजचे साठ. प्रत्येकाने आपले दिवस चिठ्ठी टाकल्यासारखे निवडले, कुणाचा कुणाशी संबंध नाही, तर सत्तर डेस्क ठेवून भागतं. तीनेक महिन्यांतून एखाद्याच दिवशी कुणाला तरी उभं राहावं लागेल. फर्निचर विकणाऱ्यांच्या आणि जागा-सल्लागारांच्या सादरीकरणात येतो तो हाच आकडा.

पण माणसं चिठ्ठ्या टाकून येत नाहीत. ती येतात आपल्या टीमबरोबर, नाहीतर यायचं कशाला? तेच शंभर जण दहा-दहाच्या दहा टीममध्ये मांडा. टीम येते तेव्हा पूर्ण येते. सरासरी तीच साठ, पण आता सत्तर डेस्कवर दर सहाव्या दिवशी एका तरी टीमला जागा नाही. ऐंशी ठेवले तरी महिन्यातून एकदा ओढाताण होणारच. त्यात सोमवार-शुक्रवार टाळण्याची जनरीत. सगळ्यांनी मंगळ-बुध-गुरू पकडले, तर शंभरला शंभर डेस्क लागतील आणि सोमवारी मजल्यावर फक्त हाऊसकीपिंगची माणसं दिसतील. सरासरीवर बांधलेलं ऑफिस बुधवारी तुंबतं आणि शुक्रवारी ओस पडतं.

यावर उतारा आहे, पण तो वास्तुरचनाकाराच्या टेबलावर सापडत नाही. प्रत्येक टीमचे तीन दिवस नेमून द्यायचे. दहा टीम गुणिले तीन दिवस, भागिले पाच. रोज बरोबर सहा टीम, म्हणजे साठ डेस्क. दहा डेस्क पाहुण्यांना आणि अडीअडचणीला धरले की सत्तर पुन्हा पुरतात. आणि गंमत बघा, पाच दिवसांच्या आठवड्यात तीन-तीन दिवस येणाऱ्या कोणत्याही दोन टीम किमान एक दिवस समोरासमोर येतातच. दिवस कसेही वाटा, हे टळत नाही. हजेरी दोन दिवसांवर आणली की ही हमी संपते. सोमवार-मंगळवारवाले आणि गुरुवार-शुक्रवारवाले वर्षभर एकमेकांना स्क्रीनवरच भेटतील. तीन दिवसांच्या बाजूने ‘संस्कृती’ वगैरे बरंच बोललं जातं. मला हा साधा हिशेब त्याहून पटतो. अर्थात किंमत मोजावी लागते ती कर्मचाऱ्याला, कारण ‘हवं तेव्हा या’ हे स्वातंत्र्य वेळापत्रकात संपतं.

मोकळा मजला आणि सामायिक डेस्क ही कल्पना करोनाने आणलेली नाही. तिला तिचा जुना इतिहास आहे आणि तो फारसा सुखाचा नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न गावातल्या श्नेले बंधूंनी भिंती काढून, कुंड्या आणि पडदे लावून ‘ऑफिसचा भूप्रदेश’ मांडला. पुढे सत्तरच्या दशकात युरोपातल्या कर्मचाऱ्यांनी आवाजाला आणि खिडकीपासून दूर बसायला कंटाळून त्याला विरोध केला. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीत रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६४ मध्ये ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ आणि १९६८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणली. तिचे पडदे मोकळ्या कोनात मांडून माणसाला हालचाल मिळावी, असा त्याचा हेतू होता. कंपन्यांनी तेच पडदे काटकोनात लावले आणि क्युबिकल जन्माला आलं. हेतू चांगला आणि निकाल चौकोनी.

आजच्या हायब्रिड ऑफिसचे खरे पूर्वज मात्र १९९० च्या दशकातले दोन प्रयोग. जाहिरातक्षेत्रातल्या चायट-डे कंपनीने १९९३-९४ च्या सुमाराला लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये कुणालाच स्वतःचं डेस्क ठेवलं नाही. सकाळी काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा, संध्याकाळी परत द्यायचा. दोन्ही वस्तू माणसांपेक्षा कमी. लोक लवकर येऊन लॅपटॉप लपवून ठेवू लागले, कागदपत्रं गाडीच्या डिकीत राहू लागली. १९९८ पर्यंत कंपनी नव्या इमारतीत गेली आणि प्रत्येकाला पुन्हा आपली जागा मिळाली. जवळपास त्याच काळात नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहरात इंटरपोलिस या विमा कंपनीने सल्लागार एरिक वेल्डहून यांच्याबरोबर काम करून डेस्क काढून घेतले, पण बदल्यात दिलं बरंच काही. लॉकर, एकाग्रतेच्या बंद खोल्या, फोनच्या जागा, दोघांच्या आणि सहांच्या बैठकीच्या जागा, आणि कोणत्या कामाला कोणती जागा याची घडी. तो प्रयोग टिकला. ‘कामानुसार जागा’ या आजच्या सगळ्या चर्चेचं मूळ तिथे आहे. फरक मला इथे दिसतो: अमेरिकन कंपनीने डेस्क वाचवले, डच कंपनीने डेस्क दुसऱ्या कशात तरी रूपांतरित केले.

कशात करायचे, हे अभ्यासांकडून कळतं. सिडनी विद्यापीठातल्या किम आणि डी डिअर यांनी २०१३ मध्ये बर्कलीच्या संशोधन केंद्राकडे जमा झालेली ३०३ इमारतींतल्या ४२,००० हून जास्त लोकांची उत्तरं तपासली. मोकळ्या मजल्यावर सर्वांत मोठी तक्रार निघाली ती आवाजाची, म्हणजे आपलं बोलणं दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं आपल्याला ऐकू येण्याची. मोकळेपणामुळे संवाद सोपा होण्याचा जो फायदा मोजला गेला, तो हा तोटा भरून काढत नव्हता. २०१८ मध्ये हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन कंपन्यांत भिंती काढण्याच्या आधी आणि नंतर मोजमाप केलं. समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं आणि ई-मेल, चॅट वाढले. लोक हेडफोन लावून बसले. यात नवल ते काय? मुंबईच्या लोकलमध्ये माणूस माणसाला चिकटून उभा असतो, तेव्हा कोण कोणाशी बोलतो?

आता हायब्रिडमुळे या आवाजात एक नवी भर पडली आहे. तिच्याकडे फार थोडे नकाशे लक्ष देतात. पूर्वी ऑफिसात माणूस समोरच्याशी बोलायचा. आता टीममधले तीन जण घरी, म्हणून इथले सातही जण आपापल्या डेस्कवरून कॉलवर. मजल्यावर ऐकू येतात ती अर्धी संभाषणं. कॉर्नेलमध्ये लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की पूर्ण संवादापेक्षा एका बाजूचं बोलणं कानावर पडलं की ऐकणाऱ्याचं लक्ष जास्त विचलित होतं, कारण पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज मेंदू सोडत नाही. म्हणजे रिकामं झालेलं ऑफिस शांत होत नाही. साठ माणसांचं हायब्रिड ऑफिस शंभर माणसांच्या जुन्या ऑफिसपेक्षा कामाला वाईट असू शकतं.

ध्वनीचं मोजमाप सांगणारं आयएसओ ३३८२-३ हे मानक मोकळ्या ऑफिसांसाठी ‘लक्ष विचलित होण्याचं अंतर’ मोजतं. बोलणाऱ्यापासून किती लांब गेलं की शब्द पुरेसे पुसट होतात, ते हे अंतर. पाच मीटरच्या आत असेल तर चांगलं, दहाच्या वर गेलं तर वाईट. आकड्याचा अर्थ असा: दर माणशी दहा चौरस मीटर धरले, तर पाच मीटरच्या वर्तुळात सात-आठ जण बसतात, दहा मीटरच्या वर्तुळात तीस-एकतीस. एका माणसाच्या कॉलने तीस जणांचं काम खोळंबायचं की सात जणांचं, हे छताच्या टाइल्स, गालिचा, डेस्कमधले पडदे यांवर ठरतं. आपल्याकडे हल्ली उघडं काँक्रीट छत आणि पॉलिश केलेली फरशी यांना ‘स्टार्टअप लुक’ म्हणतात. दिसायला देखणा, कानाला शिक्षा.

तर दारं हवीत. किती? मजल्यावर पासष्ट जण आहेत आणि प्रत्येकाचे आठपैकी दोन तास कॉलवर जातात असं धरा. दिवसभर समसमान वाटले तर कोणत्याही क्षणी सोळा जण कॉलवर. संध्याकाळी लंडन-न्यूयॉर्क जागं झालं की त्याहून बरेच जास्त. म्हणून मजल्याच्या कोपऱ्यात शोभेचे तीन फोन बूथ ठेवणं ही थट्टा आहे. वीस तरी एका माणसाच्या छोट्या खोल्या हव्यात. वाटेसकट तीन चौरस मीटर धरले तर ६० चौरस मीटर. टीमने दिवसभर बसायच्या वीस-वीस चौरस मीटरच्या दोन खोल्या, ४० चौरस मीटर. आणि शंभरावरून सत्तर डेस्कवर आल्याने वाचलं किती? बाराशे बाय सहाशे मिलिमीटरचं वर्कस्टेशन वाटेसकट साडेतीन चौरस मीटर धरा: १०५. म्हणजे जे वाचलं ते तिथेच संपलं.

मालकाला हे सांगणं अवघड आहे, कारण त्याला हायब्रिडमधून भाडं कमी करायचं असतं. पण हायब्रिडचा ठोस फायदा भाड्यात दिसलेला नाही, तो माणसं टिकण्यात दिसला आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. तो २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांचे राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले, कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टच्या ६१,००० हून जास्त अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या व्यवहारांचा अभ्यास सांगतो, की सगळे घरी गेल्यावर आपापल्या टीमच्या बाहेरचे धागे विरळ झाले. दोन्ही एकत्र ठेवले तर अर्धा आठवडा घरी, अर्धा ऑफिसात हा मधला रस्ता बरा दिसतो, पण एका अटीवर. ऑफिसच्या दिवशी माणसाला तिथे घरापेक्षा वेगळं काहीतरी करता आलं पाहिजे. दीड तास हिंजवडीच्या चौकात घालवून डेस्कवर बसून कॉलच घ्यायचे असतील, तर त्याने का यावं?

बैठकीच्या खोलीबद्दल थोडं. लांबट टेबल, एका टोकाला टीव्ही आणि त्याच्यावर कॅमेरा ही मांडणी घरून जोडलेल्या माणसासाठी सर्वांत वाईट. त्याला दिसतात ती टेबलाच्या टोकाशी बसलेल्यांची नखाएवढी तोंडं आणि बाकीच्यांचे कान. टेबल कॅमेऱ्याकडे रुंद होत जाणारं हवं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, प्रकाश चेहऱ्यावर समोरून. गूगलने २०२१ मध्ये ‘कॅम्पफायर’ नावाची खोली दाखवली होती. वर्तुळात माणसांच्या मध्ये-मध्ये उभे पडदे, म्हणजे दूर असलेलाही वर्तुळातच बसतो. एवढा खर्च परवडत नसेल तर निदान चारही बाजूंनी काच लावणं थांबवावं. काचेच्या केबिनमध्ये आवाज घुमतो, मायक्रोफोन गोंधळतो, आणि तरीही पारदर्शकतेच्या नावाखाली सगळे ती लावतात.

आता लवचीकपणा नक्की कुठे ठेवायचा, ते. ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी ऑफिसचे चार थर सांगितले होते. सांगाडा पन्नास वर्षांचा, एसी-वीज-पाणी पंधराएक वर्षांचं, पार्टिशन आणि छत पाच-सात वर्षांचं, आणि फर्निचर रोज हलणारं. आपण चाकांची टेबलं घेऊन लवचीकपणा विकत घेतला असं समजतो, म्हणजे सर्वांत वरच्या थरात. खरा अडसर दुसऱ्या थरात असतो. नवी बंद खोली करायची तर तिच्यात स्प्रिंकलर हवा, धुराचा डिटेक्टर हवा, हवा येण्या-जाण्याची वाट हवी. नाहीतर अग्निशमनाच्या तपासणीत अडकायचं आणि माणसं अर्ध्या तासात जांभया द्यायला लागायची. म्हणून ‘हलवता येणारी’ पार्टिशन विकत घेतली, तरी ती वर्षानुवर्षं तिथेच उभी दिसतात. पहिल्याच फिट-आउटमध्ये छतात दर तीन मीटरच्या चौकटीत दिवा, डिफ्यूझर, स्प्रिंकलर, डिटेक्टर यांचा एक-एक संच आणि फरशीखालच्या रेसवेत तसाच एकेक फ्लोअर बॉक्स टाकून ठेवला, तर पुढे कोणत्याही रेषेवर भिंत उभी करता येते आणि काढता येते. सुरुवातीचा खर्च वाढतो. फोटोत काहीच दिसत नाही, म्हणून मंजूर होत नाही.

एसीचंही तेच. पूर्ण मजल्याला एकच यंत्रणा असेल तर शुक्रवारी बारा जणांसाठी सगळा मजला थंड करावा लागतो. वेगवेगळे विभाग पाडले तर शुक्रवारी अर्धा मजला बंद ठेवून सगळ्यांना एका बाजूला बसवता येतं. त्याने वीजही वाचते आणि ओसाड हॉलमध्ये एकटं बसण्याचा वैतागही.

लवचीकपणाला कायद्याचाही एक थर आहे आणि हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) इमारतींनी तो चांगलाच अनुभवला. सेझमधल्या युनिटला घरून काम करू देण्यासाठी जुलै २०२२ मध्ये नियम ४३-ए आणावा लागला, आधी निम्म्याच लोकांपुरता, मग डिसेंबरमध्ये सर्वांसाठी. तरीही रिकामा मजला देशांतर्गत काम करणाऱ्या कंपनीला देता येत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये नियम ११-बी आला आणि आयटी सेझमधला काही भाग, घेतलेल्या करसवलती परत करून, मजल्यांच्या हिशेबाने ‘नॉन-प्रोसेसिंग’ विभाग म्हणून वेगळा काढण्याची सोय झाली. अर्धा मजला मात्र नाही. नकाशात कितीही लवचीकपणा काढला, तरी तो इथे पूर्ण मजल्याच्या मापातच मिळतो.

को-वर्किंगवाल्यांनी या सगळ्यावर दिलेलं उत्तर म्हणजे जागा महिन्याच्या भाड्याने घ्या. लांब लीज घ्यायची आणि तुकड्यांनी थोड्या मुदतीवर द्यायची, या धंद्यातला धोका वीवर्कने दाखवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतात मात्र हा धंदा तग धरून आहे, ‘ऑफिस’ (Awfis) ही को-वर्किंग कंपनी मे २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. नाशिक, कोल्हापूरला परतलेल्या दहा-बारा माणसांसाठी तिथेच काही सीट घेणं मुंबईत वाढीव मजला घेण्यापेक्षा शहाणपणाचं ठरू शकतं.

कारण घर हे प्रत्येकाचं ऑफिस होऊ शकत नाही. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत सासू-सासरे, मूल आणि दोघं नोकरदार असतील, तर ‘घरून काम’ म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी लॅपटॉप. सुनेला वर ‘घरीच आहेस ना’ हे ऐकावं लागतं. अशांसाठी ऑफिस ही सोय आहे, आणि त्यांचं डेस्क सामायिक करताना त्यांना वेळापत्रकात जास्त दिवस मागण्याचा हक्क हवा. पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी २०१७ पासून कायद्याने पाळणाघर बंधनकारक आहे. मुलं कोणत्या दिवशी किती येतील, हेही टीमच्या वेळापत्रकातूनच कळतं.

आणि आपली जागा म्हणून काही असतं. खंडेनवमी-दसऱ्याला ऑफिसात लोक आपापल्या मॉनिटरला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात. सामायिक डेस्कवर ती माळ कुणाच्या नावाची? हा प्रश्न फार भाबडा वाटेल, पण चायट-डेतल्या लोकांच्या गाडीच्या डिकीत जे होतं, ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. डेस्क व्यक्तीचं नसलं तरी मजल्याचा एक भाग टीमचा असावा, जुन्या पेठेतल्या आळीसारखा: त्यांचा फळा, त्यांचे लॉकर, त्यांच्या डब्यांचं टेबल. केबिनचा प्रश्न त्याहून अवघड. सत्तर डेस्कच्या ऑफिसात पाच साहेबांच्या पाच केबिन आठवड्यातले दोन दिवस रिकाम्या राहतात आणि त्या ‘सर्वांसाठी बैठकीच्या खोल्या’ असल्याचं पत्रक निघतं. त्या खुर्चीत बसायला कुणी धजावत नाही. अशा केबिनचं दार पाटीशिवाय आणि टेबल फोटो-फ्रेमशिवाय ठेवायला साहेब तयार आहे का, हे नकाशा मंजूर करण्याआधी विचारलेलं बरं.

शेवटी मोजणी. स्वाइप-कार्डाचे आकडे हा सगळ्यात सोपा आधार, पण हजेरी पगाराशी जोडली की ते आकडे बिघडतात. माणूस कार्ड दाखवतो, चहा पितो आणि घरी जाऊन काम करतो. नकाशात तो डेस्कवर बसलेला असतो. नव्या जागेची आखणी करायची असेल तर दोन आठवडे रोज अकरा वाजता आणि साडेतीन वाजता कुणीतरी वही घेऊन मजल्यावर फिरावं. किती डेस्क भरलेत याबरोबर किती खोल्यांचं दार बंद आहे, किती जण हेडफोन लावून बसलेत, आठ जणांच्या बैठकीच्या खोलीत एकटा माणूस कॉल घेत बसला आहे का, आणि फायर एक्झिटच्या जिन्यात उभे राहून किती जण फोनवर बोलताहेत, हे टिपावं. जिन्यातल्यांचा आकडा जेवढा, तेवढ्या छोट्या खोल्या आज कमी आहेत.